ऑइल गळतीसाठी यूव्ही डाय किट घ्यावं का? आधी गवंड्याची नळी घ्या

'यूव्ही लीक डिटेक्शन किट' या नावाने ऑनलाइन जो डबा मिळतो त्यात बहुधा तीनच वस्तू निघतात: डायची (ऑइलमध्ये मिसळायच्या, यूव्ही म्हणजे अतिनील उजेडात चमकणाऱ्या रंगाची) एखाद-दुसरी छोटी बाटली, जांभळा उजेड पाडणारी टॉर्च आणि पिवळ्या काचांचा चष्मा. ऑइल कुठून गळतंय ते दाखवायचं, एवढंच या किटचं काम. नीट वापरलं तर ते काम चोख होतं. पण ऑइल का गळतंय हे त्याला कळत नाही, आणि गॅरेजमध्ये पैसे वाया जातात ते नेमके तिथेच. सील नवं बसतं, दोन-तीन महिन्यांत पुन्हा ओलं होतं, आणि 'पार्ट डुप्लिकेट लागला' असा निकाल लागतो. पार्ट बऱ्याचदा चांगलाच असतो. क्रँककेसमधला (इंजिनच्या खालच्या, क्रँकशाफ्ट फिरतो त्या कप्प्यातला) दाब बाहेर जायची वाट तुंबलेली असते आणि तो सीलच्या ओठातून दुसरी वाट काढतो. म्हणून इथे किटच्या जोडीला दाब मोजायची दोन साधनंही तपासली आहेत: एसीची डक्टिंग करणारे वापरतात तो डिजिटल मॅनोमीटर, आणि गवंडी लेव्हल काढतो ती पारदर्शक नळी.

आधी डाय किट.

चिखल-ऑइलचा थर बसलेल्या इंजिनात डाय ओतून काही दिसत नाही. इंजिन धुणं हीच अर्धी तपासणी. इंजिन थंड असताना अल्टरनेटर, कॉइल, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधा, डिग्रीझर मारून दहा मिनिटं मुरू द्या, ब्रशने घासा, कमी दाबाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. अनेक ठिकाणी इंजिन रॉकेलने किंवा डिझेलने धुतात. डाय वापरायचा असेल तर हे टाळाच, कारण रॉकेल-डिझेल यूव्हीखाली स्वतःच निळसर चमकतं आणि सगळं इंजिन दिवाळीसारखं दिसायला लागतं. रॉकेलने धुतलंच असेल तर वरून साबणाचं पाणी आणि शेवटी ब्रेक क्लीनर मारा.

डायचं प्रमाण बाटलीवर छापलेलं असतं. साधारण चार-पाच लिटर ऑइल घेणाऱ्या कारच्या इंजिनला ३० मिली पुरतो. जास्त ओतल्याने गळती जास्त स्पष्ट दिसत नाही, उलट फिलरच्या तोंडाशी सांडलेला डायच पुढे तासभर फसवत राहतो. म्हणून तो फनेलने ओता, किंवा थोड्या ऑइलमध्ये आधी मिसळून ओता, आणि झाकणाभोवतीची जागा लगेच पुसून घ्या. डाय ऑइलचाच हवा. एसीच्या गॅससाठी मिळणारा डाय वेगळ्या तेलात विरघळवलेला असतो, तो इंजिनात घालू नये. ओतल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटं आयडलला चालवा. ठिबकणारी गळती तेवढ्यात दिसते. नुसती पाझरत असेल तर शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवून मगच टॉर्च लावा.

किटची खरी प्रत कळते ती टॉर्चवरून. स्वस्त किटमधली टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरची असते. तिच्यातून डोळ्यांना दिसणारा जांभळा प्रकाश इतका सांडतो की बारीक पाझर त्यात बुडून जातो. अशा वेळी पिवळा चष्मा लावलाच पाहिजे, कारण तो जांभळा उजेड अडवतो आणि पिवळी-हिरवी चमक तेवढी पुढे येते. हा चष्मा अनेकजण खेळण्यातला समजून बाजूला ठेवतात आणि मग 'डाय चमकत नाही' असा रिव्ह्यू लिहितात. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चमध्ये हा जांभळा झगमगाट कमी. पण काही पिवळे डाय ३६५पेक्षा ४००च्या आसपासच्या उजेडातच जास्त चमकतात, त्यामुळे एका कंपनीची बाटली आणि दुसरीची टॉर्च अशी मोट बांधू नये. तपासणी अंधारात करा. दुपारी बारा वाजता उघड्यावर दोन्ही टॉर्च सारख्याच निरुपयोगी.

चमकतं ते सगळं गळतीचं नसतं. हिरव्या कूलंटमध्ये मुळातच चमकणारा रंग असू शकतो, आणि इंजिन ऑइल डायविनाही यूव्हीखाली फिकट निळं चमकतं. म्हणून डाय ओतण्याआधी एकदा टॉर्च फिरवून आधीपासून काय चमकतंय त्याचे फोटो काढून ठेवा. नंतर शोधायचा आहे तो फक्त डायचा पिवळा-हिरवा रंग.

शोधताना नियम एकच, पण पाळायला कठीण: सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदू शोधायचा. ऑइल खाली उतरतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. ठिबक चेंबरच्या (इंजिनच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्याच्या) बोल्टवरून पडत असली तरी उगम बऱ्याचदा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात असतो. वरून खाली येताना थांबायच्या जागा अशा: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, त्यातही टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात ते दोन कोपरे, कॅमच्या टोकाची सीलं, डिझेल असेल तर कॅमवर बसलेला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टरचं बूड, टर्बोचा ऑइल परतीचा पाइप, पुढचं क्रँक सील, चेंबरचा जोड, ड्रेन नट, आणि शेवटी इंजिन-गिअरबॉक्सच्या मधलं मागचं मेन सील.

यातल्या दोन जागांवर लोक हटकून चुकतात. एक प्रेशर स्विच: तो बाहेरून कोरडा दिसतो आणि ऑइल आतून कनेक्टरमध्ये चढतं. कनेक्टर ओढून काढा, आत ऑइल असेल तर स्विच बदला, काम दहा मिनिटांचं. दुसरा ऑइल फिल्टर: जुना काढताना त्याचं रबर ब्लॉकला चिकटून राहतं, नवा फिल्टर त्यावरच चढतो, दोन रबरांचा जोड दाब झाला की फुटतो आणि ऑइल धारेनं येतं. नवा लावण्याआधी बोट फिरवून जागा कोरी आहे ना, एवढं पाहिलं की झालं.

मागच्या मेन सीलबद्दल मात्र घाई नको. बेल हाउसिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्सच्या मधल्या आवरणाच्या) खालच्या भोकातून ऑइल ठिबकलं की लगेच 'गिअरबॉक्स उतरवा' म्हणतात. त्या भोकात गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सीलही ऑइल सोडू शकतं आणि वरून टॅपेट कव्हरचं ऑइलही ओघळून तिथेच पोचतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, बोटावर घेऊन वास घेतला तर अर्धा प्रश्न सुटतो. डाय फक्त इंजिन ऑइलमध्ये असल्याने उरलेला अर्धा टॉर्च सोडवते: ठिबक चमकली नाही तर इंजिनचं सील निर्दोष. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पाहता या एका उत्तरानेच किटचे पैसे वसूल होतात.

टॉर्चविना भागवायचं असेल तर टाल्कम पावडर आहेच. धुऊन वाळवलेल्या जागेवर ती हलकी भुरभुरवा, इंजिन चालवा, पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. टॅपेट कव्हर, फिल्टर, ड्रेन नट अशा उघड्या जागांना हा उपाय डायइतकाच चांगला. फक्त पुलीच्या मागे किंवा पट्ट्याजवळ पावडर मारू नका.

इथवर 'कुठून' झालं. आता 'का'.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू खाली उतरतोच, नव्या इंजिनातसुद्धा. हाच ब्लो-बाय. तो चेंबरमध्ये कोंडला तर दाब वाढेल, म्हणून ब्रीदरमधून तो बाहेर घेऊन परत इनटेकमध्ये जाळायला पाठवतात. पेट्रोल इंजिनात हे काम पीसीव्ही व्हॉल्व्ह करतो. तो टॅपेट कव्हरमधून वायू ओढून इनटेक मॅनिफोल्डमध्ये देतो आणि दुसऱ्या नळीने एअर फिल्टरकडून ताजी हवा आत येते. व्हॉल्व्ह काजळी-ऑइलच्या मेणचट थराने बंद झाला की आतला दाब वाढतो. ऑइल सीलचा ओठ शाफ्टवर एका बारीक गोल स्प्रिंगच्या ताणाने टेकलेला असतो, तो ऑइलचे शिंतोडे थोपवतो. आतून सततचा दाब सोसायला तो बनवलेलाच नाही.

हा दाब मोजायला आधी गवंड्याची नळी. हार्डवेअरच्या दुकानातून आतून ६ ते ८ मिलिमीटर व्यासाची पारदर्शक लेव्हल नळी तीन मीटर घ्या. फळीवर तिचा यू आकार बांधा, दोन्ही बाजू ५० सेंटिमीटर उंच ठेवा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा, त्यात चिमूटभर कुंकू किंवा खायचा रंग टाका. मागे मोजपट्टी चिकटवा. एक टोक उघडं, दुसरं इंजिनला. दोन्ही पातळ्यांमधला फरक हाच दाब: १०२ मिलिमीटर फरक म्हणजे १ किलोपास्कल. नळी, फळी, मोजपट्टी आणि रबरी बूच धरून खर्च दोनशे रुपयांच्या आत. साध्या कारच्या तपासणीसाठी महागातलं यंत्र याहून अचूक काही सांगत नाही, हे आमचं स्पष्ट मत.

जोडायचं कुठे, याला महत्त्व आहे. ऑइल मोजायची दांडी काढून तिच्या नळकांड्यात रबरी बुचाने नळी घट्ट बसवणं सर्वांत सोपं. पण काही इंजिनांत त्या नळकांड्याचं खालचं टोक ऑइलमध्ये बुडालेलं असतं आणि रीडिंग धड मिळत नाही. तेव्हा ऑइल फिलरचं एक जादा झाकण घ्या, त्याला भोक पाडून निपल बसवा आणि तिथून मोजा. जोड हवाबंद हवाच. एअर-फ्लो सेन्सर असलेल्या पेट्रोल इंजिनात तिथून हवा शिरली तर आयडल बिघडतं आणि रीडिंगही खोटं येतं.

मोजण्याआधी ऑइलची पातळी पाहा. दांडीवरच्या वरच्या खुणेपेक्षा ऑइल जास्त असेल तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदर ऑइल ओकतो. अशा वेळी सगळी तपासणी फुकट. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत पातळी आपोआप चढूही शकते: फिल्टर जाळून साफ करण्यासाठी जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइल 'वाढलं' तर आनंद मानू नका, ते डिझेल आहे. ऑइल बदला, मगच मोजा.

इंजिन वीस मिनिटं तापवा, एसी बंद करा. आधी आयडलला वाचा, मग २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून वाचा. साध्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या पेट्रोल इंजिनात आयडलला पाणी इंजिनकडे ओढलं गेलं पाहिजे. ही ओढ पाच-दहा मिलिमीटरपासून पन्नास-साठपर्यंत असली तर काळजी नाही. आरपीएम वाढवल्यावर ती कमी झाली तरी पाणी उलट्या बाजूला जाता कामा नये. पाणी बाहेर ढकललं जात असेल आणि आरपीएमबरोबर फरक वाढत असेल, तर कुठलंही सील बदलायला घेऊ नका, आधी ब्रीदर.

डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा) प्रेशर रेग्युलेटर असलेल्या बऱ्याच युरोपीय इंजिनांची गोष्ट निराळी. त्यांत १०० ते १५० मिलिमीटर ओढही नेहमीची असू शकते, आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. इथे बिघाड उलट्या दिशेने होतो. डायफ्रॅम फाटला की मॅनिफोल्डची पूर्ण ओढ क्रँककेसवर येते, मेन सीलचा ओठ आत खेचला जातो, आयडलला शिट्टीसारखा किंवा घुबडासारखा आवाज येतो आणि चालू इंजिनचं फिलर झाकण हाताने निघत नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.८ टीएसआय इंजिनांत हा प्रकार प्रसिद्ध आहे. त्यांत आधी पीसीव्ही युनिट बदललं नाही तर नवं मागचं सीलही तसंच जातं. अशा इंजिनला पाण्याची नळी जोडू नका, ओढ जास्त निघाली तर रंगीत पाणी थेट चेंबरमध्ये जाईल. मध्ये एक रिकामी बाटली सापळ्यासारखी जोडा किंवा डिजिटल मीटर वापरा.

दाब दिसला की व्हॉल्व्ह तपासायचा. इंजिन आयडलला असताना पीसीव्ही व्हॉल्व्ह कव्हरमधून ओढून बाहेर काढा, तोंडावर अंगठा ठेवा. चांगली ओढ लागली पाहिजे आणि व्हॉल्व्हमधून 'टक्' आवाज आला पाहिजे. हलवून खुळखुळला म्हणजे चांगला, हे अर्धसत्य. आतला स्प्रिंग थकलेला व्हॉल्व्हही खुळखुळतोच. तो साफ करत बसण्यापेक्षा बदलावा. त्याची रबरी नळीही दाबून पाहा; ऑइलने फुगून मऊ झालेली नळी गरम झाल्यावर ओढीने आतल्या आत चपटी होते आणि थंड असताना निर्दोष दिसते. एअर फिल्टरचा डबा उघडा. तिथे ऑइल साचलं असेल तर वायू ताज्या हवेच्या नळीतून उलटा येतोय.

फिलरच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा थर दिसला म्हणून हेड गॅस्केट गेलं असं धरू नका. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटर धावणाऱ्या गाडीत ऑइल पुरतं तापत नाही, आतली वाफ तशीच राहते. कूलंटची पातळी कमी होत नसेल आणि दांडीवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर अर्धा-पाऊण तास हायवेवर गाडी पळवून पुन्हा पाहा.

डिझेलमध्ये पीसीव्हीला ओढ देणारं थ्रॉटलमागचं व्हॅक्यूम जवळजवळ नसतंच. ब्रीदर सेपरेटरमधून (वायूतलं ऑइल वेगळं करणाऱ्या भागातून) टर्बोच्या आधीच्या पाइपात जातो. त्यामुळे आयडलला रीडिंग शून्याच्या आसपास अपेक्षित असतं. पाणी बाहेर ढकललं गेलं तर ब्रीदरची नळी इनटेकच्या बाजूने सोडवा. दाब लगेच उतरला तर अडथळा इनटेकच्या बाजूला. नाही उतरला तर सेपरेटर किंवा त्याची जाळी तुंबलेली. तीही मोकळी करून ब्रीदर वाफेच्या इंजिनासारखा भसाभस धूर सोडत असेल तर संशय रिंगांवर आणि टर्बोवर. पण 'इंजिन कामाला आलं' म्हणण्याआधी ब्रेक बूस्टरकडे जाणारी व्हॅक्यूम नळी एक क्षण चिमटून पाहा. इंजिनने चालणारा व्हॅक्यूम पंप ओढलेली हवा क्रँककेसमध्येच सोडतो. बूस्टर किंवा त्याची नळी हवा खात असेल तर पंप सतत हवा ओतत राहतो आणि ती ब्लो-बायसारखीच दिसते. चिमटल्यावर मीटर उतरलं तर रिंगा वाचल्या. पाहून झालं की नळी लगेच मोकळी करा आणि गाडी जागची हलवू नका, बूस्टर नसताना ब्रेक फार जड लागतो. याने फरक पडला नाही तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती आणि कुठून निसटते ते पाहणं) करून घ्या.

ब्रीदरची नळी काढून खाली रस्त्याकडे सोडून देणं हा आपल्याकडचा आवडता जुगाड. दाब जातो खरा, पण पाणी साचलेल्या रस्त्यावरून जाताना त्याच नळीतून ओलावा आत जातो, आणि पेट्रोल गाडीत इनटेकची मोकळी राहिलेली बाजू न मोजलेली हवा ओढते. पीयूसी वाल्याने पाहिलं नाही म्हणून दुरुस्ती झाली असं होत नाही.

दाब ताळ्यावर आला की मग पॅकिंग-सील. टॅपेट कव्हरच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर पुरे असतात. 'अजून थोडं कसू' म्हणून कसलं की कव्हर वाकतं आणि कोपऱ्यातून पुन्हा गळतं. कोपऱ्यांत सिलिकॉनचा वाटाण्याएवढा ठिपका, सगळ्या कडेला नाही. जास्तीचं सिलिकॉन आत तुटून ऑइल पिकअपच्या जाळीत अडकतं. रबरी ओठाचं सील ऑइल लावून बसवायचं, पीटीएफई (टेफ्लॉन) ओठाचं मात्र बहुधा कोरडं, आणि इंजिन सुरू करण्याआधी सीलच्या कागदावर लिहिलेला वेळ थांबायचं. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही तिथेच गळेल. पातळ स्टीलची स्लीव्ह बसवा किंवा सील एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसतंय का पाहा. 'स्टॉप लीक' नावाच्या बाटल्या रबर फुगवून थोडे दिवस गळती थांबवतात. विकायला काढलेल्या गाडीत त्या खपतात, आपल्या गाडीत घालू नयेत.

काही गॅरेज धुराच्या मशीननेही गळती शोधतात. दांडीच्या नळकांड्यातून धूर सोडायचा आणि ब्रीदर बंद करायचा. पॅकिंग आणि फुटक्या नळ्यांना ही पद्धत उत्तम. पण थांबलेल्या शाफ्टवर सील घट्ट बसून राहू शकतं, त्यामुळे धूर आला नाही म्हणजे क्रँक सील चांगलं असं सिद्ध होत नाही. दाब २ ते ३ किलोपास्कलच्या वर नको. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडणाऱ्याला तिथेच थांबवा, चांगली सीलं बाहेर ढकलली जातात.

खरेदीचं म्हणाल तर एका गाडीच्या मालकाला नळी आणि टाल्कम पुरेसं आहे. गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली असेल तर मात्र डाय किट आधी घ्या, टॉर्च आणि डाय एकाच बनावटीचे. डिजिटल मॅनोमीटर ऑनलाइन दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो, आणि तो शोभतो रोज चार गाड्या पाहणाऱ्या गॅरेजला. घेताना रेंज पाहा: २ पीएसआय, म्हणजे सुमारे १३.८ किलोपास्कलची रेंज हवी. १५ पीएसआयचा मीटर आयडलच्या बारीक ओढीला नुसतं शून्य दाखवू शकतो. मोजण्याआधी नळी न जोडता शून्याचं बटण दाबायचं. सोबत येणारी नळी गरम इंजिनाजवळ लिबलिबीत होते, ती बदलून सिलिकॉनची घ्या आणि मीटर बॉनेटमध्ये न ठेवता खिडकीतून आत घ्या, म्हणजे डिझेलचं रीडिंग घाटात चढावर, इंजिनवर खरा भार असताना, शेजारी बसलेल्याला वाचता येतं.